धारवाडची माणसं कारवारला कशी जायची (आणि आपण कसं जायचं)



येत्या थंडीत कारवारला जाऊन काळी नदीत होडीची फेरी करायची, असं आपल्या धारवाडकर मराठी कुटुंबांच्या बैठकीत ठरलं, हे बहुतेकांना कळलंच असेल. एकंदर बावीस माणसं, त्यातली चौदा सत्तरीच्या पुढची. सोबत वाटाड्या, होडीवाला, जेवणाची सोय, असं सगळं. जायचं यावर कुणाचं दुमत नाही, पण कोणत्या रस्त्याने जायचं आणि नदीत नेमकं कुठे उतरायचं यावर दोन बैठका झाल्या तरी एकमत नाही. मालमड्डीची मंडळी म्हणतात यल्लापूर, अरबैल घाट, अंकोला. सप्तापूरचे म्हणतात हल्याळ, दांडेली, अणशी घाट. आम्ही केलगेरीचे गोव्याच्या रस्त्यावरच राहतो, म्हणून आमच्यातल्या एकाचं म्हणणं, सरळ गोव्यात उतरून वरून खाली या. एकाला आगगाडीच हवी.

हिशेब मांडायची सवय बँकेतली, ती काही सुटत नाही. मी वही घेऊन बसलो आणि लक्षात आलं, की हा वाद आपला नाहीच. धारवाडहून कारवारच्या समुद्राला कसं पोचायचं यावर शे-दीडशे वर्षांपूर्वी भल्याभल्यांनी डोकी लढवली, पैसे ओतले, आणि त्यातलं निम्मं फुकट गेलं. तेव्हा सहलीचं पत्रक लिहिण्याआधी हे थोडं लांबण लावतो. कंटाळा आला तर शेवटचे तीन परिच्छेद तेवढे वाचा, वेळापत्रक तिथे आहे.

आधी एक गोष्ट. आपण समुद्रापासून लांब, डोंगरावरची माणसं, असं आपण समजतो. पण धारवाड पाणलोटाच्या धारेवर वसलंय. गावाच्या एका अंगाला पडलेला पाऊस नाल्या-ओढ्यांनी मलप्रभेला, तिथून कृष्णेला आणि पार बंगालच्या उपसागराला जातो. दुसऱ्या अंगाचा पाऊस शाल्मलेतून पश्चिमेला. कलघटगी रस्त्यावरच्या सोमेश्वराच्या देवळापाशी उगम पावणारी ही आपली शाल्मला पुढे बेडतीला मिळते, यल्लापूरजवळ मागोडला बेडती कड्यावरून खाली झेप घेते, घाटाखाली तिचं नाव गंगावळी होतं आणि गोकर्ण आणि अंकोला यांच्यामध्ये ती समुद्राला मिळते. म्हणजे श्रावण सोमवारी आपण सोमेश्वराला जातो तेव्हा पायाखालून जाणारं पाणी आपल्या आधी किनाऱ्याला पोचलेलं असतं. १६ जुलै २०२४ ला अंकोला तालुक्यात शिरूरला दरड कोसळली आणि माणसं, वाहनं, टपरी सगळं नदीत गेलं, ती नदी हीच गंगावळी. टीव्हीवर बातम्या बघताना कितीजणांना वाटलं असेल, की हे आपल्याच पाण्यात चाललंय? मला वाटलं, म्हणून सांगतो.

आता नद्या ओलांडून कारवार गाठण्याची जी जुनी, नीट नोंद असलेली मोहीम आहे ती सांगतो. ती दुसऱ्या कुणाची नाही, शिवाजी महाराजांची आहे. फेब्रुवारी १६६५. महाराज मालवणहून आरमार घेऊन दक्षिणेला बसरूरवर गेले. महाराज स्वतः समुद्रावरून गेले अशी ही मोहीम, आणि आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात तिला चार ओळी मिळाल्या तरी पुष्कळ. पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं होती, असं कारवारच्या इंग्रज वखारीतल्या लोकांनी लिहून ठेवलंय. बसरूर लुटून परतताना गोकर्णाला महाबळेश्वराच्या दर्शनासाठी थांबले, समुद्रस्नान केलं. आणि तिथे त्यांनी एक निर्णय घेतला, जो मला आपल्या सहलीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बहुतेक आरमार पुढे पाठवून दिलं आणि चार हजार माणसांनिशी पायी निघाले. फक्त बारा गलबतं सोबत ठेवली. कशासाठी? तर वाटेतल्या नद्यांवरून सैन्य पलीकडे न्यायला.

या किनाऱ्यावर प्रवासाचं सगळं गणित नद्यांच्या मुखांवर आहे. गोकर्णहून अंकोल्याला यायचं तर गंगावळी आडवी. कारवारहून पुढे उत्तरेला जायचं तर काळी आडवी. पाय कितीही मजबूत असोत, होड्या नाहीत तर तुम्ही अडकलात. महाराज २२ फेब्रुवारीला कारवारला आले. विजापूरचा सरदार शेरखान आदल्याच रात्री गावात येऊन बसला होता. लढाई टाळायची म्हणून व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून खंडणी दिली, त्यात इंग्रजांचा वाटा ११२ पौंड. शिमगा तोंडावर आला होता. शेरखानाने आपली होळीची शिकार बिघडवली, अशा अर्थाचं काहीतरी महाराज बोलून गेले, हेही त्या इंग्रजांनी नोंदवून ठेवलंय. पैसे दिल्याचं दुःख आणि त्यातला विनोद दोन्ही एकाच पत्रात!

इथेच एक खुलासा करतो. काळीच्या मुखावर पलीकडच्या टेकडीवर सदाशिवगड आहे. आपल्यातले कित्येकजण त्याला शिवाजी महाराजांचा किल्ला म्हणतात, नावात 'शिव' आहे म्हणून. तो किल्ला नंतरचा, सोंद्याच्या राजांचा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. राजाने वडिलांचं नाव दिलं, सदाशिव. वाटाड्या काही का सांगेना, आपण हे लक्षात ठेवू. मात्र त्याच्याशी तिथे वाद घालू नये, ही विनंती. विशेषतः आमच्या केलगेरीच्या दोन बंधूंना.

आता कापूस. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार, माफ करा.

धारवाड जिल्ह्याचा कापूस म्हणजे त्या काळातलं सोनं. इंग्रजांनी १८४० च्या दशकात अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्सचं बियाणं आणून इथल्या काळ्या मातीत रुजवलं आणि 'धारवाड अमेरिकन' नावाची जात बाजारात आली. पण त्याहून जुना, आपला देशी कापूस बाजारात कुठल्या नावाने ओळखला जायचा, माहीत आहे? 'कुमठा'. पिकायचा धारवाड-हुबळी-गदगच्या शेतात आणि नाव मिळालं समुद्रकाठच्या कुमठ्याचं, कारण तिथल्या बंदरातून तो गलबतात चढायचा. शेत आमचं आणि पेटीवर नाव बंदराचं. बैलगाड्यांच्या रांगा हुबळीहून शिरसीला, तिथून देवीमनेचा घाट उतरून कुमठ्याला. परतीला मीठ, नारळ, सुकी मासळी. पावसाळ्यात घाट बंद आणि बंदरही बंद, म्हणजे वर्षाचा सगळा व्यवहार सात-आठ महिन्यांत उरकायचा. त्या काळात कर्ज देणाऱ्या सावकाराला हवामान माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिकडचा कापूस थांबला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडायला लागल्या, आणि विलायतेत बसलेल्या गिरणीवाल्यांचं लक्ष धारवाडच्या कापसावर आणि त्याच्या रस्त्यावर गेलं. त्यांना कुमठा पुरेसं वाटेना, तिथे मोठी जहाजं लागत नाहीत. त्यांचा डोळा कारवारवर, म्हणजे काळीच्या मुखावरच्या त्या अर्धचंद्राकृती उपसागरावर. अडचण अशी, की उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मद्रास इलाख्यात आणि धारवाड मुंबई इलाख्यात. कापूस एका सरकारचा, बंदर दुसऱ्या सरकारचं. रस्ता कोणी बांधायचा? मग १८६२ ला अख्खा उत्तर कानडा मद्रासकडून काढून मुंबईला जोडला. कारवार जिल्ह्याचं मुख्य ठिकाण झालं. भाषा, लोकांची सोय वगैरे नंतरच्या गोष्टी; आधी कापसाच्या गाठी होत्या. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत धारवाड आणि कारवार एकाच मुंबई राज्यात राहिले, आणि आपल्या कितीतरी घरांत कारवारच्या सुना आल्या, कारवारला नोकऱ्या झाल्या, त्याचं मूळ या कापसात आहे. (सीमाप्रश्नावर या पोस्टखाली कृपया काही लिहू नये. त्यासाठी वेगळी जागा आहे आणि तिथे सगळे सगळं लिहून चुकलेत.)

पुढे काय झालं? १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले. मुंबईत शेअरचा बाजार बुडाला, पहिली बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही आणि १८६८ ला तिचा गाशा गुंडाळावा लागला. आमच्या प्रशिक्षणात तारणावाचून दिलेल्या कर्जाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगायचे. कारवारच्या मोठ्या बंदराचं स्वप्न तिथेच सैल झालं. घाटरस्ते राहिले, कारवारला रेल्वे यायची ती आली नाही.

आणि रेल्वे कुणी आणली नाही? तर आपणच! सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य ठाणं आपल्या धारवाडात होतं. आज जिथे कर्नाटक कॉलेज आहे ती दगडी इमारत मुळात त्या रेल्वेची कचेरी. समुद्राकडे जाणारी लाईन कुठून न्यायची याचे कागद त्याच इमारतीत हलले असतील. पण इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांचा १८७८ ला करार झाला होता, त्यामुळे रेल्वे गेली लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर अशी मुरगावला. १८८८ ला गाड्या सुरू झाल्या आणि कापूस गोव्याकडे वळला. कारवार, कुमठा दोन्ही बाजूला पडले. हुबळी-अंकोला रेल्वे ही साधारण १६५ किलोमीटरची लाईन गेल्या शतकाच्या शेवटी पुन्हा कागदावर आली. जंगल वाचवायचं की रेल्वे आणायची, यात ती अडकली. मला दोन्ही बाजू पटतात, म्हणून मी त्यावर बोलत नाही. पण आगगाडी हवी म्हणणाऱ्या आपल्या मित्राला एवढंच सांगतो, की तू हा आग्रह धरणारा पहिला नाहीस.

गंमत म्हणजे रेल्वे मुरगावला गेल्यावर धारवाड-बेळगावकडच्या माणसाला कारवार जवळही झालं आणि लांबही. आगगाडीने गोव्यात उतरायचं आणि मुरगावहून आगबोटीने कारवार. काकासाहेब कालेलकरांनी लहानपणीच्या आठवणींत हाच प्रवास लिहिलाय. वडिलांची कारवारला बदली झाली, म्हणून हे लेकरू कॅसलरॉकच्या बाजूने घाट उतरून मुरगावला आलं आणि तिथे आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. ज्यांनी पुढे देशभरच्या नद्यांवर 'लोकमाता' लिहिलं, त्यांचा पाण्याशी मोठा परिचय असा कारवारच्या वाटेवर झाला. आमच्या आजोबांच्या पिढीचेही कागदपत्रांच्या कामाला कारवारला जाणारे याच वाटेने जात. घाटातल्या बैलगाडीत हाडं खिळखिळी करण्यापेक्षा हे बरं, असं म्हणत.

कालेलकरांच्या आधी काही वर्षं कारवारला आणखी एक पाहुणा येऊन गेला. सत्येंद्रनाथ ठाकूर, आयसीएस झालेले पहिले हिंदी गृहस्थ, तिथे न्यायाधीश होते. त्यांचा बावीस वर्षांचा धाकटा भाऊ १८८३ ला त्यांच्याकडे राहायला आला. हा भाऊ म्हणजे रवींद्रनाथ. कारवारचं मुख्य कामकाज मुंबई इलाख्यात होतं म्हणूनच हे बंगाली कुटुंब तिथे पोचलं. म्हणजे पुन्हा कापूसच, बघा. रवींद्रनाथांनी पुढे आठवणींत लिहिलं, की एका चांदण्या रात्री ते सगळे लहान होडीतून काळी नदीत वर गेले. टेकडीवरच्या एका जुन्या गडापाशी उतरले (त्यांनीही तो शिवाजीचा गड म्हटलाय, बहुधा सदाशिवगडच), जवळच्या एका शेतकऱ्याच्या सारवलेल्या अंगणात बसून बरोबर नेलेलं जेवण जेवले, आणि परतताना होडी प्रवाहाबरोबर सोडून दिली. मुखाशी पोचायला फार उशीर झाला, म्हणून शेवटी होडीतून उतरून वाळूतून चालत घरी गेले. 'प्रकृतिर प्रतिशोध' हे नाटक त्यांनी कारवारलाच लिहिलं. आज कारवारच्या समुद्रकिनाऱ्याला त्यांचं नाव आहे.

यातलं होडी सोडून देणं नीट लक्षात घ्या. आपल्या कोकण किनाऱ्यावर भरतीचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमा असेल तर पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, मग ओहोटी. जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतो, पण पंचांगावरून नियोजन करायला हा हिशेब पुष्कळ झाला. चांदणं भरपूर होतं, म्हणजे पौर्णिमेच्या आसपासची रात्र. भरतीच्या जोरावर वर गेले, जेवण होईतो अकरा-साडेअकरा वाजले, पाणी उलटलं आणि ओहोटीबरोबर होडी आपोआप खाली निघाली. हा माझा तर्क आहे, पण गणिताला बसतो. त्या रात्रीच्या नावाड्याला हे सगळं तोंडपाठ असणार.

आता मी ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येतो.

आपल्या तरुण मंडळींचा प्रस्ताव असा, की कारवारपर्यंत कशाला जायचं, गणेशगुडीला राफ्टिंग करू, नाहीतर सुपा धरणाच्या पाण्यात होडी फिरवू. तीही काळीच. धारवाडहून दीड-दोन तास. राफ्टिंगला आम्हा म्हाताऱ्यांना कुणी घेणार नाही, तो प्रश्न मिटला. शिवाय तिथला प्रवाह हा नदीचा राहिलेला नाही. धरणातून वीज करण्यासाठी पाणी सोडलं तर लाटा, नाही सोडलं तर दगड. राहिली धरणातल्या होडीची फेरी. त्याला बैठकीत एका काकूंनी विरोध केला. त्या एरवी बोलत नाहीत. वय ८१. त्या म्हणाल्या, "मला बोटीत बसवू नका. माझ्या माहेरावरून बोट चालवायची नाही."

बैठकीतल्या निम्म्या लोकांना कळलंच नाही. म्हणून सांगतो.

सुपे हे गाव काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावर होतं. होय, खरंच काळी आणि पांढरी. तालुक्याचं गाव. कचेरी, बाजार, देवळं, शाळा. आजूबाजूला जंगलात कुणबी, वेळीप, देसाई यांच्या वाड्या. बोली कोकणी, लिहिणं-वाचणं मराठी. १९७० च्या दशकात काळीवर वीज प्रकल्प सुरू झाले आणि १०१ मीटर उंचीचं धरण गणेशगुडीला उभं राहिलं. जवळपास १४७ टीएमसी पाणी मावेल एवढं. गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं, आणि पुष्कळ कुटुंबं लोंढ्याजवळ रामनगरला वसवली गेली. आजही गोव्याला जाताना रामनगरला चहाला थांबलात तर चहा देणाऱ्या माणसाला मूळ गाव विचारा.

त्या वर्षांत मी त्या बाजूच्या एका शाखेत होतो. नुकसानभरपाईचे चेक घेऊन माणसं खाती उघडायला यायची. बऱ्याचजणांनी बँक पहिल्यांदाच पाहिलेली. अंगठे घेऊन घेऊन शाईचं पॅड कोरडं पडायचं. ज्याच्या नावावर उतारा त्याला पैसे. जो पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची जमीन कसत होता किंवा जंगलात कुमरी करत होता, त्याच्याकडे दाखवायला कागद कुठला? तो चेकवाल्याबरोबर नुसता आलेला असायचा, बाकावर बसून राहायचा. एका म्हाताऱ्याला मी मुदत ठेवीचं समजावत होतो. सात वर्षांत दुप्पट-बिप्पट, सगळं ऐकून घेतलं त्याने. मग पावती हातात धरून विचारलं, "साहेब, हे बुडणार नाही ना?" मी म्हटलं, बँकेतलं बुडत नाही. तो म्हणाला, "गावाचंपण असंच सांगीत होते."

काहींनी पैसे नीट ठेवले, मुलं शिकवली. काहींचे दोन वर्षांत संपले. लग्नं, सोनं, दलाल, दारू. मी कुणाला दोष देत नाही. ज्याने आयुष्यात भात आणि सुपारी मोजली, त्याला एकरकमी रोकड देऊन आता पुढे चला म्हणणं, यात काय अपेक्षा करणार? धरण नको होतं असंही मी म्हणत नाही. ही पोस्ट लिहिताना डोक्यावर पंखा फिरतोय, वीज कुठून येते ते ठाऊक आहे. पण त्या पाण्यावरून सेल्फी काढत फिरायचं की नाही, हे ज्यांचं घर खाली आहे त्यांनी ठरवायचं, एवढं मला वाटतं.

मी काकूंना नंतर घरी जाऊन भेटलो. विचारलं, कारवारला मुखाशी होडीत बसाल का? तिथलं पाणीही वरूनच येतं. सुपा, कोडसळ्ळी, कद्रा, अशी धरणं ओलांडत काळी खाली उतरते. त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "पाणी तेच. पण खाली घर नाही ना. तिथे बसेन." आणि पुढे, "जाताना मात्र सुप्यावरून न्या. लांबून बघायचंय. कुणी बोलू नका तेव्हढा वेळ."

तेव्हा रस्ता ठरला, असं मी धरून चालतो. जाताना हल्याळ, दांडेली, गणेशगुडी, जोयडा, अणशी घाट, कद्रा, कारवार. हा रस्ता व्याघ्र प्रकल्पातून जातो, २०१५ पासून त्याला काळीचंच नाव आहे. खाणं बाहेर फेकायचं नाही, गाडी मधे थांबवायची नाही, आणि अंधार पडायच्या आत घाट उतरायचा. म्हणून धारवाडहून सकाळी सहाला निघायचं. गणेशगुडीला परवानगी असेल तिथून पंधरा मिनिटं धरणाचं पाणी बघायचं. त्या पंधरा मिनिटांत फोन बंद. येताना अंकोला, अरबैल, यल्लापूर, म्हणजे मालमड्डीकरांचंही मन राखलं जाईल आणि गंगावळी ओलांडताना शाल्मलेला नमस्कार होईल. शिरूरचा तो पट्टा पावसाळ्यात भीतीचा, म्हणूनच सहल थंडीत.

होडी माघी पौर्णिमेला. ठोकताळ्याप्रमाणे सव्वाअकराला भरती, म्हणून साडेआठ-नऊला कोडीबागच्या बाजूने पाण्यात उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर खारफुटीतून वर जायचं, काळीमातेच्या बेटावर दर्शन, आणि पाणी उलटलं की ओहोटीबरोबर परत. वाटाड्याला मी फोनवर हे सांगितलं तर तो हसून म्हणाला, "अण्णा, तुम्ही खारवी काय?" मी म्हटलं, नाही, बँकेतला. ज्यांना चालायला त्रास आहे त्यांनी सदाशिवगड चढू नये, खालून दिसतो. जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्री नदीत कोसळला. १९८३ चा तो. त्याच्या आधी लोक तरीने पलीकडे जात, हे आपल्यातल्या पाच-सहाजणांना तरी आठवत असेल. त्यांनी खाली लिहावं.

पैसे माणशी किती ते होडीवाल्याचा आकडा आला की कळवतो. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, पोहता येतं हे कारण चालणार नाही. गोळ्या स्वतःच्या पिशवीत, सामानाच्या डिकीत नाही. काकूंची जागा बसमध्ये डाव्या खिडकीला राखून ठेवली आहे; धरणाचं पाणी उजवीकडून दिसतं असं कुणाला पक्कं माहीत असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे बदलतो.